वाडीवरून देश गेला

बीड जिल्ह्यात तीस वर्षं बातमीदारी केली की डोक्यात बातम्या राहत नाहीत. राहतात ते डेस्कवरच्या पोरांनी "सर, हे काय छापायचं?" म्हणून परत पाठवलेले किस्से. माझ्याकडे त्यातले निम्मे एकाच रस्त्याचे साठलेत. गेवराई तालुक्यातल्या एका धनगरवाडीवरून राष्ट्रीय महामार्ग गेला आणि वाडीला 'राष्ट्राच्या मुख्य प्रवाहात' आणायला निघालेल्यांची रांगच लागली. जणू वाडी आजवर परदेशात होती!

*

पहिली बैठक मारुतीच्या पारावर झाली. रस्त्याच्या साहेबांनी नकाशा पसरून सांगितलं की आता उत्तरेचा माल एका दमात दक्षिणेला जाईल आणि तुम्ही देशाशी जोडले जाल. पुढेच बायजाक्का बसली होती. तिचं घर आणि मेंढरांचा वाडा रस्त्याच्या अलीकडे, तळं आणि गायरान पलीकडे. मेंढरं पाण्याला कुठून न्यायची, एवढंच तिनं विचारलं.

"मावशी, जरा देशाचा विचार करा," साहेब म्हणाले.

"करते की. आधी मेंढरं पाण्यावरून आणते, मंग निवांत बसून करते."

*

लोक हटेनात, तेव्हा साहेबांनी मेंढरांसाठी रस्त्याखालून बोगदा कबूल केला. बोगदा झालाही. फक्त वाडीपासून पार लांब, एका पुढाऱ्याच्या मंगल कार्यालयासमोर! त्यातून पहिली गेली ती वरात. मी इंजिनिअरला गाठलं, तर म्हणाला, जागा 'टेक्निकली' योग्य आहे.

पावसाळ्यात त्यात कमरेएवढं पाणी साचलं. वाडीकर तक्रार घेऊन गेले, तर हेच महाशय हसून म्हणाले, "मेंढरांना पाणीच पाहिजे होतं ना तुम्हाला?"

*

मग आलं 'राष्ट्रीय जाणीव' शिबिर. ते घ्यायला पुण्याकडचा एक तरुण अधिकारी सकाळीच जीपमधून उतरला. बघतो तर शाळेसमोर झेंडा फडकतोय आणि माणसं जिलेबी खातायत. तारीख सतरा सप्टेंबर. मराठवाड्यात उभं राहून या गृहस्थानं विचारलं, आज कसला झेंडा?

बायजाक्काचा सासरा धोंडिबा तिथं होता. त्याच्या बापानं रझाकारांचे फटके खाल्लेले. म्हातारा म्हणाला, "सायेब, तुमी सुटलात त्याच्या वरीसभरानं आमी सुटलो, निजामाच्या हातून. त्याचा हाय."

अधिकारी आपल्याच शिपायावर उखडला, मला आधी ब्रीफ का नाही केलं म्हणून. नंतर त्याच धोंडिबाला समोर बसवून दिवसभर देशप्रेम शिकवलं आणि संध्याकाळी जाड कागदाचं प्रमाणपत्र दिलं. म्हाताऱ्यानं ते उलटसुलट पाहिलं आणि उरलेली जिलेबी त्यात बांधून नातवंडांना नेली.

*

बोगद्याचा उपयोग शून्य, म्हणून बायजाक्का मेंढरं दुभाजकावर चढवून रस्त्यावरूनच काढायची. एके दिवशी तिच्या दोन मेंढ्या आणि कळपाचा एडका ट्रकखाली गेला. ट्रक पंजाबचा. ड्रायव्हर पळाला नाही. खाली उतरला, तिच्याबरोबर मेलेली जनावरं उचलून कडेला ठेवली आणि तिथंच मातीत डोकं धरून बसला. त्याची भाषा तिला कळेना, तिची त्याला. शेवटी तिनंच त्याला चहा करून पाजला.

मला म्हणाली, "इतक्या गाड्या जात्यात भाऊ, खाली उतरला त्यो एकलाच."

मी हे सगळं लिहून पाठवलं. डेस्कवरून फोन आला, "सर, मेंढ्यांचं किती दिवस? देशपातळीवरचं काहीतरी द्या ना." दुसऱ्या दिवशी त्या जागी छापून आलं: महामार्गाने वाडीचे भाग्य उजळले. शेजारी ठेकेदाराची अर्धं पान जाहिरात. ठेकेदाराचा फोटोही होता, हात जोडलेला.

*

रस्ता वापरून जुना व्हायला आला तेव्हा त्याचं लोकार्पण निघालं. भर उन्हाळा. वाडीसमोरच भर रस्त्यात मंडप. मेंढरांसाठी दुभाजकाला वीतभर फट ठेवायला 'नियमात बसत नाही' म्हणणाऱ्यांनी मंडपासाठी तो सरळ फोडला होता. दोन्हीकडची वाहतूक सकाळपासून थांबवलेली. बायजाक्काचा कळप रस्त्याच्या कडेला धापा टाकत उभा, आणि पुढ्यात काठी आडवी धरलेला फौजदार.

"कावून अडवता? मोकळा तर हाय रस्ता," ती म्हणाली.

"नेते येऊन गेल्यावर जा."

नेते दुपार कलल्यावर आले. भाषणात देश, देशाची गती आणि देशाचा शेवटचा माणूस असं सगळं येऊन गेलं. शेवटचा माणूस तेव्हा उन्हात उभा होता, मेंढरांसह. मग निवेदकानं सूचना केली आणि स्पीकरवर राष्ट्रगीत सुरू झालं.

नेते ताठ. साहेब ताठ. इंजिनिअर ताठ. फौजदाराची काठी खाली आली, टाचा जुळल्या, नजर समोर. आम्ही पत्रकारही ताठ.

बायजाक्कानं एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि जिभेनं टक्‌ केलं.

मेंढरं निघाली. फौजदाराच्या दोन्ही बाजूंनी, मंचासमोरून, फोडलेल्या दुभाजकातून, घंटा वाजवत, लेंड्या टाकत. साहेबांचे डोळे फिरत होते, मान हलत नव्हती. एकालाही तोंड उघडता येईना.

गीत संपलं. फौजदार उडी मारून कळपाला आडवा आला. निम्मा कळप तळ्याकडे धावत सुटला होता, निम्मा अलीकडे ओरडत होता. बायजाक्का रस्त्याच्या मधोमध उभी. तिनं मंचाकडे पाठ केली आणि स्पीकरवाल्यापुढे हात जोडले.

"दादा, निम्मी राह्यली. आजून एकदा लावता का?"