रिकामा डबा

आमची ताई लग्नाला नाही म्हणाली, घर बांधायला नाही म्हणाली. एका स्फटिकाला मात्र अख्खं आयुष्य देऊन बसली. अंगठ्याएवढा दगड तो, पण वाढवायलाच कित्येक वर्षं गेली. त्यावर न्यूट्रॉनचा मारा करायचा, ते कसे विखुरतात ते मोजायचं, की म्हणे आतले अणू कसे हलतात ते कळतं. ताईच्या आलेखात एक बारीकसं शिखर आलं, कुणाच्याच हिशेबात न बसणारं. त्यावर तिचं नाव झालं. थोडंसंच, पण झालं.

यंदा ती निवृत्त होणार. तिची अणुभट्टी मध्येच बंद केली, तेव्हा एक मोजणी राहून गेली होती. ती दुसऱ्या भट्टीवर करायला मिळावी, एवढ्यासाठी ती न्यूट्रॉनवाल्यांच्या परिषदेला निघाली. गुडघे धरलेले, म्हणून पिशव्या उचलायला मी. मी शिवणकाम करणारी बाई, मला तिथलं काय कळणार! पण तिच्या कामाचं पोस्टर भिंतीवर मीच लावलं, अगदी सरळ रेषेत.

लोक चहाचे कप घेऊन यायचे आणि पुढे सरकायचे. दुपारी शंकासुर आला. ताईचाच विद्यार्थी, सारख्या शंका काढायचा म्हणून तिनेच ठेवलेलं नाव. आता त्या दुसऱ्या भट्टीवर कुणाला किती दिवस द्यायचे, ते हाच ठरवतो. म्हटलं चला, घरचाच माणूस, काम झालं!

तो बराच वेळ पोस्टरपुढे उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "मॅडम, रिकामा डबा मोजला होता?"

स्फटिक ॲल्युमिनियमच्या डब्यात ठेवतात. डबाही न्यूट्रॉन उडवतो, म्हणून तो रिकामाच मोजून वजा करायचा. ताई पोरांना हे पहिल्याच दिवशी शिकवायची. ऐकून ऐकून मलाही पाठ झालंय.

हो म्हण गं बाई, मी मनात म्हणत होते. कोण बघायला जाणार होतं?

"नाही," ताई म्हणाली. "तेच राहिलं. डबा, स्फटिक, दोन्ही नव्याने मोजायचंय, म्हणून तर दिवस मागतेय."

"आणि स्फटिक?"

"जुन्या भट्टीच्या कोठारात. किरणोत्सारी झालाय ना. सोडवायचा अर्ज केलाय."

"ते कोठार गेल्या महिन्यात कायमचं सील झालं, मॅडम. तुम्हाला कळवलं नाही कुणी?"

मीच भडकले. "अरे, जिने तुला हाताला धरून शिकवलं, तिलाच..."

ताईने माझा दंड दाबला. "गप बस. बरोबर विचारतोय तो."

संध्याकाळी खोलीवर ती पोस्टरची गुंडाळी मांडीवर घेऊन बसून राहिली. मी म्हटलं, "असेल गं ते शिखर खरं."

"मला ते डब्याचंच वाटतं," ती म्हणाली. "कधीपासूनच वाटतंय."

"मग कशाला आलीस इथे मरायला?"

"मोजून एकदा काय ते कळेल म्हणून."

तेवढंही तिला मिळालं नाही. शिव्या तरी कुणाला घालू? मी तिच्या शेजारी बसून रडले. ती रडली नाही, नुसती गुंडाळीला रबरबँड लावत राहिली.