कमरेला खोचलेली शिट्टी

हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात तिला सगळे कडकबाई म्हणत. इस्त्रीच्या गरम रोलरमधून निघालेल्या चादरीची ती अशी घडी घालायची की कोपऱ्याने बोट कापावं. जीभही त्याच धारेची. सुपरवायझर एकदा म्हणाला, "बाई, जरा हळू बोला, पेशंट झोपलेत." तर म्हणे, "पेशंट तीन मजले वर आहेत, साहेब. झोपेत आहात ते तुम्ही."

मग एका सकाळी वाफेचा पाइप फुटला. आधी बारीक शिट्टी, मग पांढरा लोट. कडकबाईचा कोपर भाजला आणि रोलरच्या पलीकडे उभी असलेली तिची जोडीदारीण पाठभर भाजली. कोपर तीन आठवड्यांत भरला. जोडीदारीणही दोन महिन्यांत हिंडू-फिरू लागली. कडकबाई मात्र त्या सकाळीच अडकून राहिली. किटली नुसती कुजबुजली तरी तिचे हात गार पडायचे. बसच्या दाराने फुस्स केलं की ती मधल्याच स्टॉपवर उतरून चालायला लागायची.

घरच्यांनी मायेचा सपाटा लावला. तोंड तिचं पोळलेलं, ताक मात्र अख्खं घर फुंकत होतं. नवऱ्याने इस्त्री माळ्यावर टाकली आणि चुरगळलेल्या शर्टात ऑफिसला जाऊ लागला. कडकबाईचा नवरा, आणि चुरगळलेला शर्ट! शेजारच्या काकू यायच्या त्या आजाऱ्यासाठी राखून ठेवलेला आवाज घेऊनच: "कशी आहेस गं बाळाऽऽ? विचार नको करूस हं. विचारच नाही करायचा." सासूबाईंनी तर कुकरची शिट्टीच काढून रुमालात बांधली आणि कमरेला खोचली. सात महिने घर पातेल्यातले अर्धे कच्चे बटाटे गिळत होतं.

धुलाईखात्यालाही दया आली. तिची रजा संपत आली तसा सुपरवायझरचा फोन आला. "एक तारखेपासून तुम्ही वरच्या मजल्यावर, घडीच्या टेबलावर. कायमच्या. वाफ नाही, आवाज नाही, बसून काम."

"देवमाणूस आहे गं," नवरा म्हणाला.

कडकबाई फोनमध्ये म्हणाली, "बावीस वर्षं रोलर चालवला मी. एक तारखेला त्याच्यापुढे उभी राहून दाखवते. नाही जमलं तर बसवा कुठे बसवायचं तिथे."

बोलून बसली खरी. दुसऱ्या दिवशी ती एकटीच मानसोपचार विभागात गेली. महिनाभराचा अवधी होता, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला आठवड्यातून दोनदा बोलावलं.

"मला वेड लागलंय का?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"नाही. पाइप दुरुस्त झाला हे तुम्हाला माहीत आहे, तुमच्या अंगाला माहीत नाही. त्याला सांगून कळत नाही. दाखवावं लागतं."

प्रत्येक वेळी डोळे मिटून ती सकाळ सांगायची, आत्ता घडतेय अशी. आधी गाडी त्या शिट्टीपाशीच थांबायची. मग एकच वाक्य यायचं: "मी पळाले, तिला टाकून पळाले." सहाव्या वेळी तिने मध्येच डोळे उघडले. "थांबा. बटण. आधी मी लाल बटण दाबलं, रोलर बंद केला. मग पळाले." कडकबाई खूप वेळ रडली आणि वर म्हणाली, "तुमच्या पडद्यांना इस्त्री नाही."

आता घरचा अभ्यास. सोप्यापासून सुरुवात: किटली, बसचं दार, मग कुकर. हात थरथरले तरी जागा सोडायची नाही. भीती चढते, चढू द्यायची. दमली की आपली आपण उतरते.

किटली झाली, बस झाली. मग ती स्वयंपाकघरात सासूबाईंपुढे उभी राहिली.

"आई, शिट्टी द्या."

"कुठली गं शिट्टी?" सासूबाईंचा हात आपसूक कमरेवर गेला.

"तीच."

"सूनबाई, मागे किटली उकळली तर तासभर बाथरूममध्ये बसलीस तू. मी दाराबाहेर उभी होते. मला नाही बघवत."

"मग बघू नका. पण द्या."

"अगं, कशाला विषाची परीक्षा?" नवरा मध्ये पडला.

"अहो, तुम्ही आधी आपल्या शर्टाकडे बघा."

रुमालाची गाठ सात महिन्यांची. सासूबाईंनी ती शेवटी दातांनी सोडवली.

पहिल्या शिट्टीला कडकबाईने ओट्याची कड धरली. दुसरीला कपाळावर घाम. नवरा गॅसकडे धावला.

"हात लावाल तर बघा!"

पाचवी, सहावी. सासूबाई डोळे गच्च मिटून मोजत होत्या. अकराव्या शिट्टीला कडकबाईचे खांदे खाली आले. बटाट्यांचा पार लगदा झाला होता.

"उद्या परत," ती म्हणाली.

"म्हणजे मी रोज लगदा खायचा?" नवऱ्याने विचारलं.

"कच्चे खाल्लेत ना सात महिने, तोंडातून ब्र न काढता?"

एक तारीख उजाडली. जोडीदारणीने घडीचं टेबल आपणहून मागून घेतलं होतं. "मला रोलर नको गं बाई," ती म्हणाली होती, आणि कडकबाईने त्यावर एक शब्द काढला नव्हता. सुपरवायझरने रोलरशेजारी खुर्ची ठेवली होती, पाण्याची बाटलीसुद्धा. "वाटलं तर बसा हं. काही कमीपणा नाही त्यात."

कडकबाईने पायाने खुर्ची बाजूला सारली. वाफ सोडली. हिस्स. तळहात गार पडले. ती उभीच राहिली. सगळे आपापली कामं टाकून बघत होते.

"काय तमाशा आहे का? चादर द्या!"

चादर गेली, बाहेर आली. तिने घातलेली घडी बोटभर तिरकी पडली.

"चालेल की, बाई," सुपरवायझर आजाऱ्यासाठीच्या आवाजात म्हणाला.

"तुम्हाला चालेल."

तिने घडी मोडली आणि चादर पुन्हा रोलरमध्ये घातली.