एकच दुर्बीण

घड्याळजींनी दुर्बीण पुन्हा आपल्याच डोळ्यांना लावली आणि शिवणबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

डोंगरावरच्या या तलावाशी दोघं नवरा-बायको दर वसंतात यायचे, ते तुरेवाल्या टिबुकल्या या पाणपक्ष्यांचा नाच बघायला. जोडी समोरासमोर येते, माना हलवते, बुडी मारून चोचीत शेवाळ आणते आणि छातीला छाती लावून पाण्यावर उभी राहते. शिवणबाईंना हे सगळं तोंडपाठ होतं, पण नवऱ्याच्या तोंडून. स्वतःच्या डोळ्यांनी नाच त्यांनी एकदाही पाहिला नव्हता. दुर्बीण एक, चष्म्याचे नंबर दोन. आपली पाळी येईपर्यंत नाच निम्मा व्हायचा आणि दुर्बिणीचं चाक फिरवून काचेतलं धुकं हटेपर्यंत पक्षी पसार. वर हे विचारणार, "पाहिलंस?"

यंदा बाईंनी घरीच बजावलं होतं, पहिली पाळी माझी. गुडघे बोलायला लागलेत, पुढच्या वर्षी हा चढ चढणार कोण? घड्याळजी हो हो म्हणाले होते. पालथ्या घड्यावर पाणी! बांधावर टेकल्यापासून त्यांची चाकाशी खुडबूड चालली होती. जरा नीट लावून देतो, म्हणे. घड्याळदुरुस्तीच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही ते असंच तिष्ठत ठेवायचे. शेवटी गिऱ्हाइकंच फिरकेनाशी झाली आणि दुकान मिटलं. हल्ली घड्याळ घालतंय कोण, असं ते सगळ्यांना सांगत.

"आल्या बघ," घड्याळजी म्हणाले. "पलीकडच्या काठाला, गवतापाशी. माना हलवतायत."

बाईंनी चष्मा पुसून पाहिलं. पलीकडे गवत होतं, आणि नुसतं गवतच होतं. टिबुकल्या तलावाच्या मध्यावर होत्या, दोन ठिपके, नुसत्या डोळ्यांनाही दिसणारे.

बाईंनी मनात एकेक गोष्ट जुळवली. ते दुकान, ती खुडबूड, आणि दर वर्षी शब्दाला शब्द तेच वर्णन.

"अहो, कधीपासून दिसत नाहीये तुम्हाला?"

घड्याळजींनी दुर्बीण खाली घेतली. "दुकान मिटायच्या आधीपासून. तुला कळलं असतं तर तू इथे येणंच सोडलं असतंस."

बाईंना असा संताप आला की विचारू नका. आख्ख्या जगाची घड्याळं उघडून बघणारा हा माणूस, स्वतःचे डोळे डॉक्टरला दाखवायला मात्र घाबरला. उद्या सकाळी दवाखान्यात जायचं, एक शब्द बोलायचा नाही, असं दरडावून त्यांनी दुर्बीण हिसकावून घेतली आणि चाक फिरवलं. ठिपक्यांना तुरे फुटले. लाल डोळे दिसले. माना हलायला लागल्या.

"काय करतायत गं?"

"माना हलवतायत. एक मध्येच पाठीवरची पिसं नीट करतेय. हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"छे, तसं काही नसतं."

"दिसतंय कुणाला?" बाई फाडकन बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

टिबुकल्यांनी बुडी मारली, शेवाळ घेऊन वर आल्या, एकमेकींकडे निघाल्या. आणि नेमकं तेव्हाच बाईंचे डोळे भरून आले. काचेत पुन्हा तेच मेलं धुकं. चाक फिरवून काही उपयोग नव्हता.

"पुढे काय?" घड्याळजींनी विचारलं.

बाईंनी दुर्बीण तशीच धरून ठेवली आणि इतक्या वर्षांचं पाठ झालेलं सांगून टाकलं. छातीला छाती, चोचीत शेवाळ, पाण्यावर उभ्या.

"पाहिलंस?"

"पाहिलं," बाई म्हणाल्या.