काट्यावर न भरलेला माणूस

आधीच सांगतो, म्हणजे खाली कमेंट करणाऱ्यांचे कष्ट वाचतील. मी देवाला वर्षातून दोनदा हात जोडतो आणि भुताला कधीच नाही. पहिली गाडी मी अमावास्येला घेतली, ऑफिसचं शटर पितृपक्षात बसवलं. या ग्रुपवरचे निम्मे अनुभव मला अपचनाचे वाटतात. तरीही लिहितोय, कारण आमच्या भागात माझ्याबद्दल एक गोष्ट फिरतेय आणि ती खोटी आहे. खरी गोष्ट मी सांगतो, मग ज्याला जे म्हणायचं ते म्हणा.

चाकण एमआयडीसीत, निघोज्याच्या रस्त्याला माझा वजनकाटा आहे. भरलेली गाडी लोखंडी प्लॅटफॉर्मवर चढते, केबिनमध्ये आकडा येतो, चिठ्ठी छापून मिळते. आष्टीकडून इथे आलो तेव्हा मी दुसऱ्याच्या काट्यावर शिट्टी मारून गाड्या पुढे-मागे घ्यायचो. आज काटा माझा, जागा माझी. ही जागा घेताना मूळ मालकाने मला दोनदा हाकलून दिलं होतं, इतका मी भाव पाडला होता. नंतर त्यानेच घरी बोलावून चहा पाजला. केबिनमध्ये माझी बायको सुरेखा बसते. आकड्याच्या बाबतीत तिला मीसुद्धा फसवू शकत नाही.

या धंद्यात माणसाकडे एकच भांडवल असतं — काटा खरा आहे, हे नाव. आणि त्या नावाला एका माणसाने डाग लावला. बाळासाहेब. इथल्याच जुन्या घरातला, जमिनी कंपन्यांना गेल्या आणि हा भंगाराच्या ठेक्यात शिरला. गेल्या वर्षी त्याची एक गाडी माझ्याकडे कमी भरली. ड्रायव्हरने वाटेत माल उतरवला होता, हे पुढे सगळ्यांना कळलं, त्यालाही कळलं. पण तोवर हा टपरीवर चारचौघांत बोलून बसला होता, “दत्ताचा काटा खोटा हाय.” ते बोलणं त्याने कधी मागे घेतलं नाही. समोर आला की हसायचा फक्त. माझं डोकं लवकर तापतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण ते निवत मात्र नाही, हे कमी लोकांना माहीत आहे.

आता ट्रिपचं. आमच्या पट्ट्यातले आम्ही काही धंदेवाले वर्षातून एकदा बाहेर पडतो. दरवेळी गोवा, दरवेळी हॉटेलच्या खोलीत पत्ते. यंदा मी म्हणालो, नदीवर जायचं. उत्तराखंडात राफ्टिंग — तासाभराचं नाही, चांगलं चार-पाच दिवसांचं. दिवसभर राफ्टमधून खाली यायचं, संध्याकाळी वाळूवर तंबू ठोकायचे, सकाळी परत पाण्यात. बरोबर गाईड, स्वयंपाकी, आणि सगळं सामानसुमान वाहून नेणारी वेगळी राफ्ट. लोकांनी आधी नाकं मुरडली. मी म्हणालो, सगळं मी ठरवतो, तुम्ही फक्त बॅग भरा.

आणि ठरवलं. तिकडच्या कंपनीचे गाईड नेगीजी, त्यांच्याशी फोनवर मी जी घासाघीस केली ती रेकॉर्ड करून ठेवायला हवी होती. त्यांचा हंगाम संपत आला होता, राफ्ट रिकाम्या पडल्या होत्या, हे मी दोन फोनमध्ये काढून घेतलं. मग काय... स्लीपिंग बॅग त्यातच, शाकाहारी-मांसाहारी भांडी वेगळी त्यातच, शेवटच्या दिवशी स्टेशनपर्यंत सोडणं त्यातच. नेगीजी शेवटी वैतागून म्हणाले, “सर, आप हमारे यहाँ नौकरी कर लो.”

फक्त एका गोष्टीवर अडलं. ते म्हणाले, तुमचा ग्रुप अंगाने भारी आहे, सामानही जास्त असणार, आणखी एक राफ्ट लागेल आणि तिचा खर्च तुमच्यावर. कशावरून? “अंदाज़ से, सर.” या शब्दावर मी उखडलो. वजनाच्या जोरावर मी घर बांधलं आणि मला अंदाज सांगता? म्हणालो, माणसं आणि सामान, सगळ्यांचं वजन छापील चिठ्ठीवर पाठवतो. ते म्हणाले, पाठवा, एकेकाचं वेगळंही पाठवा. राफ्टमध्ये दोन्ही बाजूंना सारखा भार बसवावा लागतो.

म्हणून निघायच्या दोन आठवडे आधीच्या रविवारी मी सगळ्यांना बॅगा भरून काट्यावर बोलावलं. भर दुपार, रस्त्यावर गाड्या कमी. सगळे आले. बाळासाहेबही आला. त्याला आमच्या सलीमभाईंनी ट्रिपमध्ये घेतलं होतं. सलीमभाईंचं टायरचं दुकान माझ्या काट्याला लागून आहे, कासारवाडीहून रोज येतात, त्यांची आम्हा दोघांशीही दोस्ती. मी हरकत घेतली नाही. म्हटलं, येऊ दे. माझी व्यवस्था त्याने डोळ्यांनी बघावी आणि तिथे पळून जायला टपरीही नसावी.

ट्रकचा काटा एकट्या माणसासाठी नसतो, तो दहा-दहा किलोनेच बोलतो. म्हणून सगळ्यांना बॅगांसकट प्लॅटफॉर्मवर एकदम उभं केलं. एकूण भार घ्यायचा आणि मग एकेकाला उतरवत जायचं. प्रत्येकाने आपापलं आणि बॅगेचं वजन मला आधीच कळवलं होतं, त्यामुळे किती भरायला पाहिजे हे मला माहीत होतं. उन्हात ती सगळी पोटं आणि पाठीवरच्या सॅक... फोटो काढण्यासारखं दृश्य होतं, आणि काढलाही.

केबिनवरच्या स्पीकरमधून सुरेखाने आकडा सांगितला.

कमी. थोडाथोडका नाही, एक अख्खा माणूस कमी.

तिला परत बघायला सांगितलं. तोच आकडा. बाळासाहेब प्लॅटफॉर्मच्या मधोमध उभा होता, तो मोठ्याने हसला. “बघा राव. मी काय म्हनत व्हतो? आज तर मालकाच्याच पावन्यांना काटा मारला.”

सगळे हसले. माझ्या कानशिलातून वाफा निघत होत्या. मी म्हणालो, कुणी हलायचं नाही, मी सांगेन तसं एकेकाने उतरायचं. पहिला उतरला, आकडा त्याच्या वजनाइतका खाली आला. दुसरा, तसंच. सलीमभाई, तसंच. मग बाळासाहेब. बॅग तिथेच ठेवून, हात पसरून, नटासारखा उतरला. नव्वद किलोचा गडी आहे.

स्पीकरमधून सुरेखा म्हणाली, “उतरले का ते?”

“उतरले की.”

“आकडा हलला नाही.”

त्याला परत चढवलं. नाही हलला. उतरवलं, चढवलं. नाही. बाकी सगळ्यांना खाली घेतलं, नुसती त्याची बॅग ठेवली — काट्याने दहा किलो दाखवले. बॅगेशेजारी तो उभा राहिला, तरी दहाच.

आता हे काम मी आयुष्यभर केलंय. प्लॅटफॉर्मखाली भार मोजणारे लोडसेल असतात, एखाद्या कोपऱ्यातला गेला तर तिथे भार कमी दाखवतो. मी त्याला चारही कोपऱ्यांत उभं केलं. कुठेच काही नाही. त्याच कोपऱ्यांत सलीमभाईंना उभं केलं, प्रत्येक ठिकाणी बरोबर. मग सलीमभाईंनाच सुचलं. ते म्हणाले, मी याला पाठीवर घेतो. आणि घेतलं. सलीमभाई टायर उचलणारा माणूस, तरी गुडघ्यात वाकले, मानेच्या शिरा फुगल्या.

आकडा एकट्या सलीमभाईंचा होता.

त्यांनी त्याला खाली सोडलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, “दत्ताशेठ, वजन आहे. माझ्या कमरेला विचारा.”

आता कुणी हसत नव्हतं. बाळासाहेबाने बूट काढले, खिशातला मोबाईल काढून बुटात ठेवला, अनवाणी जाऊन प्लॅटफॉर्मच्या मधोमध उभा राहिला. लोखंड तापलेलं होतं, पण तो पाय हलवत नव्हता. “वहिनी, आता बघा,” म्हणाला. माईक बंद करून सुरेखा केबिनबाहेर आली, त्याच्या जवळ जाऊन हळू आवाजात काहीतरी बोलली. त्याने बूट घातले, बॅग घेतली. गाडीला किक मारताना मात्र माझ्याकडे बघून म्हणाला, “तुझा काटा खोटा हाय. मी येनार ट्रिपला.”

तो गेल्यावर थोड्याच वेळात एक भरलेला ट्रेलर आला. कंपनीतून निघताना जे वजन होतं, तेच माझ्याकडे भरलं. संध्याकाळी नेगीजींना सगळ्यांची वजनं पाठवली. त्यांनी लगेच फोन करून विचारलं, “और बालासाहेबजी का क्या लिखूँ?” मी म्हणालो, कल बताता हूँ.

दुसऱ्या दिवशी भोसरीहून मेकॅनिक बोलावला. त्याने प्रमाणित वजनं आणून सगळे कोपरे तपासले, खाली उतरून लोडसेल बघितले, वायरी बघितल्या. म्हणाला, असा काटा या रोडला दुसरा नाही. हे मी शंभर वेळा सांगितलं असतं, पण त्याने सांगितलेलं बरं.

तो जातो न जातो तोच रिक्षातून शालनवहिनी उतरल्या. बाळासाहेबाच्या पत्नी. आम्ही लग्नकार्यात भेटायचो तेवढंच. केबिनमध्ये बसल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही.

“कालपास्नं ते जेवल्याले न्हाईत,” म्हणाल्या. “पिठाच्या गिरणीतल्या काट्यावर जाऊन आले. तिथं भरलं म्हने वजन. मला काय कळंना. दत्ताभाऊ, तुमी एकच सांगा. तुमचा काटा बरोबर हाय का?”

काटा बिघडला होता — एवढं म्हटलं असतं तर ती बाई शांतपणे घरी गेली असती. आणि चाकणपासून मोशीपर्यंत सगळ्यांनी म्हटलं असतं की बाळासाहेब वर्षभर खरंच बोलत होता. सुरेखा माझ्याकडे बघत होती. तिने मान हलवली नाही, डोळ्याने खुणावलं नाही. माझ्यावर सोडलं.

मी म्हणालो, “बरोबर आहे, वहिनी. काल होता, आजही आहे.”

त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला. मग म्हणाल्या, “याचा अर्थ काय?”

“तो मला माहीत नाही.”

“मग त्यांना पान्यात नेऊ नका.”

मी त्यांच्यासमोरच नेगीजींना फोन लावला आणि बाळासाहेबाचं नाव काढायला सांगितलं. वहिनी गेल्यावर बाळासाहेबाचा फोन आला. त्याने मला जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याचा मुद्दा एवढाच, की जुना राग काढायला मी कॉम्प्युटरमध्ये गडबड केली, बायकोला घाबरवलं आणि त्याला ट्रिपमधून कापलं. हीच ती गोष्ट, जी आजही फिरतेय. कॉम्प्युटरमध्ये गडबड करता येते, मान्य आहे. पण सलीमभाईंच्या पाठीवर बसलेल्या माणसाचं वजन तेवढं वगळायला कॉम्प्युटरला कुणी शिकवलं?

ट्रिप झाली. कशी झाली ते आलेल्यांना विचारा. जादा राफ्ट लागली नाही. एकाचीही चप्पल वाहून गेली नाही. मोठ्या लाटांतून बाहेर आलो तेव्हा आमचे गोव्यात पत्ते कुटणारे लोक लहान मुलांसारखे ओरडत होते. वाळूवर तंबू, शेकोटी, सलीमभाईंनी स्वयंपाक्याला बाजूला सारून केलेलं मटण... नेगीजी निरोप घेताना म्हणाले, इतकं शिस्तीत आलेलं गिऱ्हाईक बघितलं नाही. आणि नदीत काही म्हणजे काही विपरीत झालं नाही. तुम्हाला वाटलं असेल की पुढे काहीतरी भयंकर येणार. नाही आलं. बाळासाहेब घरी ठणठणीत होता. त्यामुळे बोलणाऱ्यांना आणखीच जोर आला — बघा, काही झालं का?

आल्यानंतर महिनाभराने सकाळी भंगाराचा एक ट्रक काट्यावर चढला. ड्रायव्हिंग सीटवर स्वतः बाळासाहेब. त्याच्याकडे ड्रायव्हर आहेत, तो कशाला गाडी चालवेल? सुरेखाने ट्रकचं वजन घेतलं, ट्रक पुढे गेला. मग तो खाली उतरून मागे आला आणि रिकाम्या प्लॅटफॉर्मवर उभा राहिला. टपरीवरचे लोक चहा हातात धरून बघत होते. सुरेखाने आकडा सांगितला. नव्वद.

“तेवढंच हाय माझं,” तो म्हणाला. मग केबिनच्या खिडकीशी येऊन, फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात, “त्या दिशी काटा बिघडला व्हता ना?”

त्याच्या तोंडाकडे बघून कुणीही हो म्हटलं असतं.

“नाही,” मी म्हणालो.

त्याने मान डोलावली. वळला आणि टपरीकडे बघून, न विचारता, मोठ्याने म्हणाला, “काटा खरा हाय याचा.” वर्षभर मी या वाक्याची वाट बघत होतो. ते आलं तेव्हा मी उगाच चिठ्ठ्यांचा गठ्ठा सरळ करत बसलो.

मेकॅनिकला विचारलं, आळंदीत एका अभ्यासू महाराजांना विचारलं, ओळखीच्या एका इंजिनियरला विचारलं. ओलावा, वारा, वीज, नजरबंदी — सगळं सांगून झालं. एकही गोष्ट बॅगेच्या दहा किलोंपुढे टिकत नाही. काटा चुकला, हे सोडून बाकी कुठलंही उत्तर मी ऐकून घ्यायला तयार आहे.

बाळासाहेबाच्या सगळ्या गाड्या आता माझ्याकडेच येतात. परवा त्याने विचारलं, पुढच्या वर्षी परत नदीवर जाणार का. म्हणालो, जाणार, नेगीजींशी बोलणं सुरू केलंय, भाव आणखी खाली आणतो.

“मला घेशील?”

“निघायच्या दिवशी सकाळी काट्यावर ये,” मी म्हणालो. “मग बघू.”