आग्नेय कोपऱ्यातलं पाणी

ऐन वैशाखात, विहिरींनी तळ दाखवला असताना, आमच्या तळमजल्यावरच्या नव्या घराच्या कोपऱ्यात पाणी निघालं. वास्तुशांतीला प्रतिमा पुरायची म्हणून आग्नेय कोपऱ्यातली फरशी काढून वीतभर खड्डा केला होता. होम आटोपून गुरुजी प्रतिमा घेऊन आले, तर खड्डा काठोकाठ भरलेला. स्वच्छ, थंडगार पाणी. सासूबाई म्हणाल्या, "गंगा आली."

नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. सासूबाईंनी जन्मभर रोज गंगेवर अंघोळ केली होती. खुब्याचं हाड मोडून त्या खाटेला खिळल्या, तेव्हापासून त्यांचा जीव त्या एका गोष्टीत अडकला होता. पाणी निघालं त्याच कोपऱ्यात त्यांनी खाट लावून घेतली. शेजारणींनी खड्ड्याला हळदकुंकू वाहिलं, आणि प्रतिमा पाण्यातच ठेवून वर फरशी बसवली. मीही हात जोडले. चांगल्या दिवशी अपशकुनाचं तोंडातून कोण काढणार?

पण घोर सगळ्या सोसायटीलाच लागला होता. मागं नाला होता. पलीकडच्या पेरूच्या बागा तुटल्या, तिथं बिल्डिंगी उठायला लागल्या आणि ट्रकच्या ट्रक मुरूम नाल्यात पडायला लागला. पावसाळ्यात हे पाणी जाणार कुठं? सोसायटीतले चारपाच पुरुष बिल्डरकडं गेले. त्यानं चहा पाजला आणि विचारलं, "नाला? कुठला नाला?" खरंच, तोवर नाला दिसेनासा झाला होता. सासूबाईंच्या खाटेखालची फरशी मात्र कितीही पुसली तरी ओली राहायची. दुपारी घर शांत असलं की खालून बारीक आवाज यायचा, कोणी चूळ भरल्यासारखा. माझ्या अंगावर काटा यायचा आणि मी उगाच भांडी आपटायची. सासूबाई खाटेवरून हात खाली सोडून फरशीवर ठेवायच्या, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा.

एकदा माझं डोकंच फिरलं. "आई, ही गंगा नव्हे. नाला आहे, बुजवलेला."

"नाला कुठं जातो गं?"

"गंगेला."

"मग?" असं म्हणून त्यांनी कूस बदलली.

श्रावणात सगळ्यांनी दारांत वाळूची पोती रचली. पाणी आलं त्या दुपारी आमच्याकडं चक्क ऊन पडलं होतं, पाऊस वर त्र्यंबककडं होता. यजमान ओझरला कामावर, घरात आम्ही दोघीच. दारातून थेंबही आला नाही. पाणी मोरीतून वर आलं, मग फरश्यांच्या सांध्यांतून, अजिबात आवाज न करता. आणि पोत्यांनी ते बाहेर जाऊ दिलं नाही. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना हाका मारून मी परत आले, तर पाणी खाटेला टेकलं होतं. सासूबाईंनी केस सोडले होते. ओंजळी भरभरून त्या डोक्यावर घेत होत्या आणि हसत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"आई, चला!"

त्यांनी खाटेचा गज घट्ट धरला. "थांब. अंघोळ होऊ दे."

शेजारी नवराबायको धावत आले. आम्ही तिघांनी सासूबाईंचं एकेक बोट सोडवलं. हाडं न् कातडं उरलेल्या बाईत ती ताकद कुठून आली, मला आजही कळत नाही.

वर शेजाऱ्यांच्या कोरड्या गादीवर मी त्यांचे केस पुसत होते. पाण्याची भीती केव्हाच मागं पडली होती, मला त्यांचीच वाटत होती. सासूबाई खिडकीतून पलीकडच्या अर्धवट बिल्डिंगी बघत होत्या.

"तिकडं अजून किती घरं व्हायची आहेत गं?"

"पुष्कळ," मी म्हणाले.

त्यांनी समाधानानं डोळे मिटले. "होऊ देत. मग गंगा राहायलाच येईल."