कोथरूडवर पडलेला ठिपका

दुपारी तीनला स्क्रीन लाल झाली. ग्रेग, आमचा शिफ्ट लीड, हातातल्या सँडविचसकट उठला. "डबल फ्लॅश," एवढंच म्हणाला.

हवेत अणुस्फोट झाला की उजेड दोनदा लखलखतो. आधी क्षणभर, मग जरा जास्त वेळ. वीज असं करत नाही, उल्काही नाही. हे टिपायला काही उपग्रहांवर सेन्सर बसवलेले असतात आणि त्यांचा डेटा मेलबर्नच्या आमच्या ऑफिसात तपासला जातो. सॉफ्टवेअर माझं. वर्षानुवर्षं काहीच घडत नाही, आणि तेच बरं असतं.

मी नकाशा उघडला. ठिपका पुण्यावर होता.

पुण्यात तेव्हा सकाळचे साडेदहा, म्हणजे आई-बाबा घरीच. मोबाइल बाहेर लॉकरमध्ये, कारण त्या खोलीत न्यायला बंदी. ग्रेगने कॅनबेराला, म्हणजे थेट सरकारला लागणाऱ्या फोनवर हात ठेवला. दहा मिनिटांत कळवायचा नियम आहे, आणि एकदा कळवलं की ते मागे घेता येत नाही. पुढे कोण कोणावर काय डागेल, देव जाणे.

"रिअल आहे का? तू सांग," तो म्हणाला.

मी इंजिनियर आहे हेच विसरले होते. घर शिल्लक आहे का बघायला जावं, तसा ठिपका मोठा करत गेले. कोथरूड. आमची गल्ली. आमच्याच सोसायटीची गच्ची.

तिथे डोकं ताळ्यावर आलं. आमचा सेन्सर फार तर शहर सांगतो, गच्ची सांगत नाही. इतके नेमके आकडे कोणीतरी हाताने टाकलेले असतात. ते मीच टाकले होते.

तीन वर्षांपूर्वी सरावासाठी खोटा स्फोट बनवला होता. जागा हवी होती, घराच्या अक्षांश-रेखांशाचे आकडे पाठ होते, दिले ठोकून. वर 'टेस्ट' लिहायचं राहून गेलं. सकाळच्या टीमने ती फाइल चुकून खऱ्या डेटाच्या लाइव्ह लाइनवर चढवली होती.

"ग्रेग, फोन करू नकोस. ते माझं घर आहे."

मी त्याला ती जुनी फाइल उघडून दाखवली. मग त्याने फोनवरचा हात काढला.

मी लॉकरपाशी जाऊन घरी फोन लावला. आई पोळ्या लाटत होती. ऑफिसातून कशाला फोन केलास, म्हणाली. सहज, म्हटलं, आणि भिंतीकडे तोंड करून रडले.

दुसऱ्या दिवशी ग्रेग नवी टेस्ट फाइल बनवायला बसला. जागा म्हणून त्याने ॲडलेड टाइप केलं. त्याची आई तिथे राहते. थोडा वेळ थांबून त्याने ते खोडलं.

आता आमचे सगळे खोटे स्फोट भर समुद्रात होतात. 'टेस्ट' हा शब्द आधी लिहायचा, मग बाकीचं.