आम्ही गाडी चालवली

टेसनमास्तर स्वतःला कधी ‘मी’ म्हणत नसत. ‘आम्ही आंघोळ केली’, ‘आम्हाले सर्दी झाली’, ‘आम्ही आज भाकर नाई खात, पोट जड आहे.’ पोट एकच, पण बिघडायचं ते अनेकवचनात. आमच्या सिंदी रेल्वेच्या स्टेशनावर त्यांनी जन्मभर बुकिंगच्या खिडकीत तिकिटं दिली. स्टेशनमास्तर ते कधीच नव्हते. एकदा कुणाच्या तरी लग्नपत्रिकेत प्रेषक म्हणून त्यांच्या नावापुढे चुकून ‘स्टेशनमास्तर’ छापलं गेलं, आणि त्यांनी ती चूक दुरुस्त केली नाही, एवढंच. ते खोटं बोलत नसत. दुसऱ्याच्या डोक्यात चुकीची समजूत शिरताना दिसली की दार उघडून बाजूला उभे राहत.

मी त्यांच्या शेजारची. शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे लोक काय बोलतात यापेक्षा वाक्य कसं जुळवतात याकडे माझं लक्ष जास्त. ही खोड मला मास्तरांच्या बाबतीत फार उपयोगी पडली. कारण ऑस्ट्रेलियाहून परत आल्यावर त्यांनी गावाला जे वाक्य ऐकवलं, ते व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष होतं: ‘मेलबर्न ते सिडनी, समुद्राच्या काठाकाठानं, आम्ही गाडी चालवली.’

आता हा झाला कर्मणी प्रयोग. क्रियापद गाडीप्रमाणे चालतं, कर्ता आपला मागच्या सीटवर निवांत बसून राहतो. आणि तो कर्ताही ‘आम्ही’. या वाक्यातून नेमकं स्टिअरिंग कुणाच्या हातात होतं हे कुणी काढून दाखवावं. मास्तर मधे एक श्वास घेत, मान जराशी उजवीकडे झुकवत, आणि ऐकणाऱ्याला जे समजायचं ते समजू देत.

खरी गोष्ट अशी की गाडी सिस्टरकाकूंनी चालवली. सगळी. सिस्टरकाकू म्हणजे मास्तरांच्या पत्नी. गिरडच्या बाजूला त्या आरोग्यसेविका होत्या. लसींचा डबा मोपेडला बांधून टेकडीच्या रस्त्यांनी गावोगाव फिरल्या आणि पन्नाशीत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या जीपड्रायव्हरकडून गाडी शिकल्या. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी लाल गाडी घेतली. मास्तरांना सायकलशिवाय काही चालवता येत नव्हतं, आणि सायकलही ते बहुतेक वेळा हातात धरून चालवत.

मुलगा राहुल मेलबर्नला. त्याने आईबाबांना बोलावून घेतलं, समुद्रकाठच्या सहलीचा बेत केला, मुक्कामाच्या खोल्या ठरवल्या, आणि निघायच्या आठवड्यात त्याला ऑफिसने अडकवलं. ‘रद्द करतो,’ तो म्हणाला. काकूंनी विचारलं, ‘इथं गाड्या डाव्या बाजूनंच चालतात ना?’ राहुल म्हणाला, हो. ‘मंग मी चालवीन. लायसन काढून आणलं आहे मी वर्ध्याहून, परदेशात चालते ते.’ राहुलने दोन दिवस त्यांच्या शेजारी बसून परीक्षा घेतली आणि तिसऱ्या दिवशी निमूट चावी दिली. मास्तरांनी त्या वेळी काय केलं, असं मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘याईनं हेल्मेट मागतलं.’

रेल्वेत वाढलेल्या माणसाला गाडीच्या वळणांची सवय नसते. पहिल्या दिवशी मास्तरांनी उलटीची गोळी घेतली आणि मेलबर्न संपायच्या आत त्यांचा डोळा लागला. दुसऱ्या दिवशी गोळ्यांचं पाकीट मुक्कामाच्या खोलीतच राहिलं, तरी लागला. तिसऱ्या दिवशी तर सीटचा पट्टा लावता लावताच. उजवीकडे निळा समुद्र, डावीकडे निलगिरीचं जंगल, आणि मधे मास्तर तोंड उघडं टाकून. काकूंच्या फोनमध्ये असे सात फोटो आहेत. काही सुंदर दिसलं की काकू गाडी बाजूला घेत, मास्तरांना उठवत, त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवत, ड्रायव्हरच्या दाराशी उभं करून फोटो काढत आणि परत आत घालत. फोटोत मास्तर दारावर हात ठेवून दूरवर पाहताना दिसतात. ती नजर विचारवंताची नाही, झोपमोडीची आहे. पण हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

एकच ठिकाण त्यांनी पूर्ण जागेपणी पाहिलं. लेक्स एन्ट्रन्स गावाच्या पुढे आतल्या जंगलात एक जुना, बंद पडलेला लाकडी रेल्वेपूल आहे. पाटीवर रूळ दिसले म्हणून काकूंनी हाक मारली मात्र, मास्तर ताडकन उठले. पुलाखाली जाऊन खांब मोजले, लाकडाला नख लावून पाहिलं, आणि तासभर तिथून हलले नाहीत. सहलीच्या त्रेसष्ट फोटोंपैकी एकेचाळीस या पुलाचे आहेत. समुद्र अकरा फोटोंत आहे, त्यातल्या चारांत मास्तरांमुळे दिसत नाही.

काकूंचीही एक गंमत झाली. गिरडच्या टेकडीवर गाडी शिकलेली बाई, वळण आलं की हॉर्न हा त्यांचा धर्म. तिकडे हॉर्न म्हणजे शिवी. दोन दिवस त्या शांतताप्रिय लोकांना त्यांनी मेलबर्नपासून ईडनपर्यंत शिव्या दिल्या. शेवटी पेट्रोल पंपावर एका म्हाताऱ्याने येऊन हळू आवाजात बरंच काही सांगितलं. काकूंना वाटलं, कौतुक करतो आहे. त्यांनी ‘थँक्यू’ म्हणून त्याला घरची शेव दिली.

हे सगळं मला काकूंनी मेथी निवडता निवडता सांगितलं होतं, आणि वर बजावलं होतं, ‘तू कोणाले सांगजो नोको. बोलू दे त्याईले. रिटायर माणसाले काही तं काम पाह्यजे.’

आणि मास्तर बोलले. पुढची तीन वर्षं बोलले. समोरच्या खोलीत टीव्हीवर फोटो लावून, हातात खराट्याची काडी घेऊन ते गावाला ऑस्ट्रेलिया दाखवत. कुणी ‘जय भीम मास्तर’ म्हणत दारातून आत डोकावला की तो सिडनी आल्याशिवाय सुटत नसे. त्यांची वर्णनं मात्र त्यांचीच असत. ‘समुद्र म्हंजे का, पाण्याचं यार्ड. लाटा येऊन लागतात, निघून जातात, टाइम टेबल कायचंच नाई.’ पेलिकन पक्ष्याला ते ‘बगळ्याचा साहेब’ म्हणत. कियामा गावात खडकाच्या भोकातून समुद्राचं पाणी कारंज्यासारखं उसळतं, त्याबद्दल म्हणत, ‘वाफेचं इंजिन पाह्यलं आहे ना? तेच. फक्त ड्रायव्हर नाई.’ स्वयंपाकघरातून काकू मधूनच दुरुस्ती करत, ‘ते बेटमन्स बे नाई, ईडन आहे.’ मास्तर न डगमगता पुढे जात, ‘आम्ही तेच म्हणून राह्यलो.’

कुणी सरळ विचारलंच की, मास्तर, एवढ्या रुंद रस्त्यावर एवढी गाडी चालवताना भीती नाही वाटली? तर मास्तर काडी खाली ठेवत. ‘भीती कायची? रस्त्यावर नजर पाह्यजे अन् मन शांत पाह्यजे. आमचं मन एकदम शांत होतं.’ हे मात्र शंभर टक्के खरं होतं. मला पदर तोंडाशी धरावा लागे.

सिस्टरकाकू तोवर आपल्या लाल गाडीने गावाचं काम करत होत्या. कुणाची सून तपासणीला न्यायची, कुणाच्या आजीचा डोळा दाखवायचा, कुणाचं लेकरू तापाने फणफणलं, की काकूंच्या दारात माणूस उभा. वर्ध्याचा दवाखाना आणि सिंदी यांच्यामध्ये ती गाडी सुईसारखी जायची-यायची. काकू रिटायर झाल्या होत्या हे फक्त सरकारला माहीत होतं.

मग कापसाच्या हंगामात एका दुपारी गाडी मागे घेताना ती जिनिंग फॅक्टरीच्या फाटकाला घासली. मागचा दिवा फुटला. माणसाला खरचटलंही नाही. पण गावात त्याच फाटकाला दर हंगामात तीन ट्रॅक्टर आणि दोन ट्रक धडकतात, तेव्हा फाटक अरुंद असतं. काकूंची गाडी लागली तेव्हा ते एकदम रुंद झालं. ‘बाईच्या हाती गाडी देल्ली की असंच होते’ हे संध्याकाळपर्यंत तळेगावला पोचलं.

तळेगावला मास्तरांचे थोरले भाऊ राहत. त्यांना सगळे दादाजी म्हणत. दादाजी रविवारी आले ते एकटे नाही, गाडीला गिऱ्हाईक घेऊनच आले. समोरच्या खोलीत बैठक बसली. शेजारची चार माणसं आली, मीही चहा द्यायच्या निमित्ताने आत शिरले. भावजयीशी थेट बोलायची दादाजींची पद्धत नव्हती. ते मास्तरांकडे बघून काकूंशी बोलत.

‘वसंता, चाबी घेऊन टाक तिच्यापासून. झालं तेवढं पुरे झालं.’

चावी काकूंच्या पदराच्या टोकाला बांधलेली होती. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मंगळवारी त्यांना दोन बायांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला न्यायचं होतं. त्यांनी पदराचं टोक मुठीत घेतलं.

मास्तर म्हणाले, ‘दिवाच तं फुटला, दादा.’

‘आज दिवा फुटला, उद्या माणूस फुटन. अन् मले एक सांग, घरात एवढा मोठा ड्रायव्हर असून बाई काऊन गाडी चालवून राह्यली? तू हजार किलोमीटर चालवली परदेशात. एक ओरखडा आला का गाडीले?’

‘नाई,’ मास्तर म्हणाले.

‘मंग! तू चालवत असशीन तं ठेव गाडी. नाई तं हे गिऱ्हाईक आणलं आहे मी.’

सगळ्यांनी माना डोलावल्या. गिऱ्हाईकाने सुद्धा आदराने मास्तरांकडे पाहिलं. तीन वर्षं मास्तरांनी जे उभं केलं होतं, ते आता अख्खं काकूंच्या अंगावर कोसळत होतं. नुसते गप्प बसले असते तरी त्यांचं नाव शाबूत राहिलं असतं आणि गाडी गेली असती. गप्प बसणं तर त्यांना फार छान जमत असे. मी काकूंकडे पाहिलं. एका शब्दात त्या मास्तरांना उघडं पाडू शकत होत्या. त्या जमिनीकडे बघत होत्या. मला त्या दोघांचाही राग आला, आणि माझाही आला, कारण सगळं माहीत असून मी हातात ट्रे धरून उभी होते.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

‘मी झोपलो होतो,’ ते म्हणाले.

त्यांच्या तोंडून ‘मी’ मी पहिल्यांदा ऐकला. आवाजही वेगळाच लागला, थोडा बारीक.

‘आं?’ दादाजी म्हणाले.

‘गाडी हिनं चालवली. मले नाई येत चालवता. मी झोपून होतो.’

‘हजार किलोमीटर?’

‘फोटोले उठत होतो.’

मग पहिल्यांदा गिऱ्हाईक हसलं, आणि मग खोली. दादाजी सोडून सगळे हसले. मास्तर मधे बसून होते, कान लाल झालेले, आणि हसू ओसरायची वाट न बघता एकेक सांगत होते. वळणं किती होती, पाऊस कुठे लागला, जंगलातून अचानक कांगारू आडवं आलं तेव्हा हिनं ब्रेक कसा दाबला आणि आपल्याला ते दुसऱ्या दिवशी कळलं. ‘दिवा मी बसवून आणतो,’ शेवटी ते म्हणाले, ‘चाबी तिच्याचपाशी राहीन.’ तीन वर्षं मी त्या माणसाची मनातल्या मनात टिंगल केली होती. त्या दुपारी मला ते फार म्हणजे फार आवडले.

गावाने अर्थातच सोडलं नाही. टेसनमास्तरांचे ‘झोपमास्तर’ झाले. रस्त्याने जाताना पोरं जांभया देत. टीव्हीवरचे फोटो बंद झाले. कुणी मुद्दाम ऑस्ट्रेलियाचं काढलंच तर ‘तिले विचारा’ म्हणून मास्तर पेपर डोळ्यांपुढे धरत. काकूंची लाल गाडी मात्र मंगळवारी निघाली, आणि अजून निघते.

गेल्या वर्षी मास्तर गेले. थोडे दिवस आजारी होते, फार त्रास झाला नाही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बोलायला उठलेल्या तिघांनी त्यांच्या सचोटीचे गोडवे गायले. ऑस्ट्रेलियाचा उल्लेख सगळ्यांनी इतक्या काळजीने टाळला की मंडपात दुसरं काही ऐकूच येईना.

पाहुणे गेल्यावर मी आणि काकू मागच्या अंगणात कप विसळत होतो. मला राहवलं नाही. विचारलं, ‘काकू, तीन वर्षं ते तुमचं श्रेय स्वतःच्या नावावर खपवत होते. तुम्हाला कधी राग नाही आला?’

‘आला ना वो. काऊन नाई येणार?’ त्या म्हणाल्या. मग हातातला कप विसळून पालथा घातला. ‘पण तुले एक सांगू? हा माणूस कोणाच्या गाडीत डोळा लावत नव्हता. सेलूले ऑटोनं गेला तरी ऑटोवाल्याले ब्रेक सांगे. बसमध्ये तं उभ्यानं रस्ता पाहे. राहुलच्या गाडीत सुद्धा हँडल धरून बसला होता. अन् माह्या बाजूले बसला, तं हजार किलोमीटर झोपला. नोकरीत मले तीन सर्टिफिकेटं भेटली, तिन्ही फ्रेम करून लावली आहेत समोरच्या खोलीत.’ त्यांनी ओल्या हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसले. ‘हे कशात फ्रेम करू, सांग.’